'कुंपणी' ते 'कंपनी' : औरंगाबाद परिसराच्या इतिहासातील एका इंग्रजी शब्दाचे अर्थांतर

प्रस्तावना

इंग्रजी अमदानीत मराठीने स्वीकारलेल्या शब्दांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने टेबल, स्टेशन, कोर्ट, पेन यांसारख्या वस्तुवाचक किंवा स्थलवाचक शब्दांकडे जाते. वस्तू आली आणि तिच्याबरोबर तिचे नावही आले, असे या शब्दांचे सरळ स्पष्टीकरण देता येते. 'कंपनी' या शब्दाला हे स्पष्टीकरण पुरत नाही. हा शब्द ज्या संस्थेसोबत आला, ती संस्था इ.स. १८७४ मध्ये विसर्जित झाली. शब्द मात्र राहिला, आणि प्रत्येक पिढीने त्याला नव्या कामाला जुंपले. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे आज "मुलगा कंपनीत आहे" म्हणजे तो औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे, "पंखा कंपनीचा आहे" म्हणजे तो बनावट नाही, "जरा कंपनी दे" म्हणजे सोबत ये, आणि "कंपनीच्या काळात" म्हणजे १८५८ पूर्वी. हे सर्व अर्थ एकच मनुष्य एकाच दिवशी वापरतो व त्याला कोठेही अडखळल्यासारखे होत नाही.

प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थांतराचा मागोवा औरंगाबाद परिसराच्या संदर्भात घेतला आहे. हा परिसर निवडण्यास कारण आहे. मुंबई-पुण्याकडील प्रदेश १८१८ नंतर थेट ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलाखाली गेला. तेथे कंपनी कोण आणि सरकार कोण, या प्रश्नाचे उत्तर एकच होते. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. कंपनी येथे राज्यकर्ती नव्हती, परंतु तिच्यावाचून राज्यही चालत नव्हते. त्यामुळे 'कंपनी म्हणजे नेमके कोण आणि जाब कोणाला विचारावयाचा' हा प्रश्न या भूमीत अधिक गुंतागुंतीचा झाला. तो आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

शब्दाचे मूळ आणि मराठीतील आगमन

'कंपनी' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'कोम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एकत्र बसून भाकरी खाणारे ते सोबती. याच 'पानिस'पासून पोर्तुगीज भाषेत पावाचे नाव तयार झाले व ते गोव्या-वसईच्या मार्गे मराठीत 'पाव' म्हणून रुळले. म्हणजे बेकरीतील पाव आणि वाळूजची कंपनी ही दूरची भावंडे ठरतात. फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर या शब्दाला सोबत, सैनिकांची तुकडी, व्यापाऱ्यांचा संघ असे अर्थ क्रमाने चिकटले. इ.स. १६०० च्या अखेरीस इंग्लंडच्या राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली, तेव्हा या शब्दाचा व्यापारी अर्थ चांगलाच रूढ झालेला होता.

मराठी राज्यकर्त्यांना या संस्थेचे स्वरूप शब्द येण्यापूर्वीच उमगले होते, हे विशेष होय. रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांचा विचार सावकारांच्या प्रकरणात केलेला आहे. हे लोक सावकारी करतात खरे, पण इतर सावकारांसारखे ते नव्हेत. त्यांच्या पाठीशी राज्य करणारे धनी आहेत, असा त्या विवेचनाचा आशय आहे. अमात्यांच्या लेखणीत 'कंपनी' हा शब्द नाही. त्यांनी 'सावकार' हा परिचित शब्द घेतला आणि तो या मंडळींना पुरेसा नाही, हे लगेच सांगून टाकले. व्यापार आणि राज्य यांची सरमिसळ हा या संस्थेचा गाभा होता, आणि तो इतक्या नेमकेपणाने टिपणारे दुसरे मराठी लेखन त्या काळात क्वचितच आढळेल.

पुढे पेशवाईच्या उत्तरार्धातील कागदपत्रांत 'कुंपणी', 'कुंपिणी' अशी रूपे दिसू लागतात. फार्सी दरबारी वळणाचे 'कंपनी बहादूर' हे संबोधनही रूढ झाले. 'कुंपणी' आणि 'कुंपण' यांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काडीचाही संबंध नाही; तरीही ज्या भाषेत कुंपणच शेत खाते असे म्हटले जाते, त्या भाषेत हे ध्वनिसाम्य कोणाच्या कानाला जाणवले नसेल असे मानणे कठीण आहे. व्याकरणाची एक बाबही नोंदविण्यासारखी आहे. मराठीने हा शब्द स्त्रीलिंगी एकवचनी मानला. लंडनमधील शेकडो भागधारक, संचालक, कलकत्त्याचे कौन्सिल, मद्रासचे लष्कर हे सारे मराठी वाक्यात 'ती' या एका सर्वनामात सामावले गेले. 'कुंपणी सरकार' हा जोडशब्द तर व्यापारी आणि राजा यांना एकाच पदात बसवितो. अमात्यांनी ज्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखून मग जोडल्या होत्या, त्या या शब्दात मुळातच एकजीव झालेल्या दिसतात.

असई : कंपू आणि कुंपणी

औरंगाबाद परिसराचा कंपनीशी पहिला मोठा प्रत्यक्ष संबंध रणभूमीवर आला. निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौजेचा तह स्वीकारला आणि १८०० मध्ये तो अधिक दृढ केला. त्यामुळे दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात निजामाचा मुलूख हा कंपनीच्या हालचालींचा तळ बनला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई या गावी आर्थर वेलस्लीच्या फौजेने दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी अंजनगाव येथे अनुक्रमे भोसले व शिंदे यांच्याशी तह झाले. या तहांतील एक पक्ष इंग्लंडचा राजा नव्हता; तो होता 'कंपनी'. व्यापाराची सनद घेऊन आलेली संस्था मुलूख घेण्याच्या करारावर स्वतःच्या नावाने शिक्का उमटवीत होती.

असईच्या लढाईत शिंद्यांच्या बाजूने उभे असलेले कवायती पायदळ 'कंपू' या नावाने ओळखले जाई. हा शब्दही परकीय, छावणी या अर्थाचा. त्याचे मूळ वेगळे आहे. 'कंपनी'शी त्याचे नाते केवळ ध्वनीचे. या कंपूंचे अधिकारीही मुख्यतः युरोपीय होते. अशा रीतीने केळणेच्या काठी एका बाजूला कंपू आणि दुसऱ्या बाजूला कुंपणी असे दोन उपरे शब्द समोरासमोर उभे ठाकले होते. दोहोंचे पुढील भवितव्यही बोलके आहे. ज्याचा पराभव झाला तो 'कंपू' मराठीत आज टोळकी, गटबाजी या हीन अर्थाने उरला आहे; साहित्यसंस्थांच्या निवडणुकांच्या काळात तो हमखास ऐकू येतो. विजयी 'कंपनी' मात्र प्रतिष्ठित राहिली. शब्दांच्या नशिबातही जय-पराजयाचा वाटा असतो असे म्हणावेसे वाटते. अर्थात एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडणे युक्त नव्हे.

याच लष्करी वावराचा एक अनपेक्षित परिणाम म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांकडे युरोपीयांचे लक्ष जाणे. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीस निघालेल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून ठेवले. तो कंपनीच्या मद्रास लष्करातील होता. स्थानिकांना ती लेणी ठाऊक होतीच. 'शोध' हा शब्द कंपनीच्या दप्तराचा.

पामर आणि कंपनी : एका नावाचे दोन धनी

या शब्दाच्या संदिग्धतेची खरी किंमत निजामाच्या राज्याला मोजावी लागली ती पुढील दोन दशकांत. विल्यम पामर हा कंपनीच्या सेवेतील सेनानी जनरल पामर व त्याची भारतीय पत्नी फैज बक्ष यांचा पुत्र. त्याने निजामाच्या सैन्यात चाकरी केल्यानंतर १८१४ च्या सुमारास हैदराबादेत 'विल्यम पामर आणि कंपनी' ही सावकारी पेढी उभी केली. तिच्या भागीदारांत गुजराती सावकारही होते, आणि पुढे सर विल्यम रंबोल्ड हा इंग्रजही सामील झाला. रंबोल्डची पत्नी ही गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या पालकत्वाखाली वाढलेली होती. युरोपीयांनी भारतीय राजांना कर्ज देऊ नये असा ब्रिटिश संसदेचा निर्बंध असताना १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलने या पेढीला त्यातून सूट दिली.

दिवाण चंदूलाल याच्या कारभारात निजामाचा खजिना नेहमीच तुटीत असे. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या पुढाकाराने उभारलेल्या कवायती फौजेचा खर्च त्या तुटीत भर घालीत होता. औरंगाबाद व वऱ्हाडाकडील निजामाच्या नियमित फौजेचा पगार दरमहा भागविण्याचे काम पामरच्या पेढीने करार करून स्वतःकडे घेतले आणि त्या बदल्यात महसुलाची हमी मिळविली. येथे थोडे थांबून त्या काळच्या औरंगाबादेतील शिपायाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. चाकरी निजामाची, अधिकारी इंग्रज, अधिकाऱ्यांमागे उभी 'कंपनी', आणि पगाराचे पैसे येणार तेही 'कंपनी'कडून. यांपैकी एक कंपनी म्हणजे हिंदुस्थानातील सर्वात बलाढ्य सत्ता, तर दुसरी म्हणजे हैदराबादेतील एक पेढी. त्या शिपायाने हा भेद केला असेल किंवा नसेल, त्याचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत पोचलेले नाहीत. परंतु दरबारात हा भेद पुसट झाला होता, यास साक्ष आहे. १८२० च्या अखेरीस रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफ याचा मुख्य आक्षेपच असा होता की, या पेढीमागे ब्रिटिश सत्तेचे बळ आहे अशी समजूत पसरली असून तिच्या जोरावर ती निजामाच्या कारभारात हात घालीत आहे. १८२० चे साठ लाखांचे कर्ज या वादाचे केंद्र बनले.

व्याजाचे दर जबर होते आणि नवे कर्ज बव्हंशी जुन्या कर्जाच्या फेडीतच जिरत होते. अखेरीस १८२३ मध्ये उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीने निजामाला दरवर्षी द्यावयाच्या पेशकशीचे एकरकमी मोल ठरवून त्या रकमेतून पेढीचे देणे भागविण्यात आले. म्हणजे एका कंपनीकडून निजामाला कायम मिळावयाचे उत्पन्न दुसऱ्या कंपनीच्या कर्जापायी संपले. १८२४ मध्ये पामरची पेढी बुडाली. लंडनमध्ये या प्रकरणावर पुढे अनेक वर्षे वादविवाद झाले व हेस्टिंग्जची प्रतिमा कायमची डागाळली. इतिहासग्रंथांत हे प्रकरण भ्रष्टाचाराची किंवा वशिल्याची कथा म्हणून येते. ते तसे आहेच. परंतु त्याचा एक भाग नावाचाही आहे. मराठीत 'पेढी', 'कोठी', 'दुकान' हे सावकारी व्यवहाराचे सुस्पष्ट शब्द असताना ही पेढी ज्या नावाने वावरली, ते नाव याच प्रदेशात सार्वभौम सत्तेचेही होते. इंग्रजीत 'आणि कंपनी' म्हणजे केवळ 'आणि इतर भागीदार'. हैदराबाद-औरंगाबादेत त्याला एवढाच अर्थ असणे शक्य नव्हते.

१८५७ : फौज कोणाची?

पुढे कर्ज पुन्हा वाढले, कारण फौजेचा खर्च तसाच राहिला. रसेलच्या फौजेतून 'हैदराबाद कंटिंजंट' आकाराला आली होती व औरंगाबादची छावणी हे तिचे एक प्रमुख ठाणे होते. मे १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश कंपनीच्या ताब्यात गेले. याच तहाने ही फौज निजामाची न राहता त्याच्या उपयोगासाठी कंपनीने ठेवलेली साहाय्यक फौज झाली. कागदावर प्रश्न सुटला. शिपायाच्या मनात तो सुटला नव्हता.

जून १८५७ मध्ये औरंगाबाद येथे कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळ पथकात असंतोष उसळला. आपल्याला दिल्लीकडे बादशहाविरुद्ध लढावयास नेणार, ही शंका त्यामागे होती. निजामाच्या राज्याच्या रक्षणासाठी आपली नेमणूक आहे, कंपनीच्या लढाया लढण्यासाठी नव्हे, हा त्या घोडेस्वारांचा युक्तिवाद होता. १८५३ च्या तहाच्या मजकुरात याला पुरेसा आधार मिळणार नाही. पण चार वर्षांपूर्वीपर्यंत तोच कायदा होता, हे विसरून चालणार नाही. पुण्याहून निघालेल्या जनरल वुडबर्नच्या तुकडीने जूनच्या उत्तरार्धात येऊन हा उठाव मोडून काढला. फिदा अली व इतर अनेकांना देहान्ताची शिक्षा झाली. आज क्रांती चौक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागातील काळा चबुतरा या घटनेची आठवण जपतो. त्या चौकातून रोज हजारो माणसे वाहनांनी 'कंपनीत' जातात. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.

१८५८ मध्ये कंपनीची राजवट संपली. निजामाच्या मुलखात मात्र ब्रिटिशांशी असलेला संबंध लोकांच्या व्यवहारात दुसऱ्या रूपाने राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानचा 'कलदार' आणि राज्याचा 'हाली सिक्का' अशी दोन नाणी येथे शेजारी शेजारी चालत. शंभर कलदार म्हणजे सुमारे एकशे सतरा हाली, हा हिशेब औरंगाबाद व जालन्याच्या बाजारपेठेत तोंडपाठ असे.

गिरणी, रेल्वे आणि नाटक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'कंपनी' हा शब्द राजसत्तेपासून सुटून भागभांडवलाकडे वळला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५० पासून कंपन्यांच्या नोंदणीचे व १८५७ पासून मर्यादित जबाबदारीचे कायदे झाले. निजामाच्या राज्यात या नव्या अर्थाचा ठळक अनुभव रेल्वेने दिला. १८८३ मध्ये लंडनला 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनी' स्थापन झाली. भांडवल लंडनचे, नफ्याची हमी निजामाच्या खजिन्याची. या योजनेविरुद्ध हैदराबादेत आवाज उठविणाऱ्या अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना त्याच वर्षी राज्याबाहेर घालविण्यात आले. पामरच्या पेढीला साठ वर्षे लोटली होती; कंपनीच्या नावाने हमी राज्याने द्यावी, ही रीत तीच होती. मनमाड-औरंगाबाद-जालना या मार्गाने जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे शतकाच्या वळणावर सुरू झाली व १९३० मध्ये राज्याने ती कंपनी विकत घेतली.

औरंगाबादेत १८८९ मध्ये सूतकताईची व विणकामाची गिरणी सुरू झाली. सुमारे ७०० माणसे तेथे काम करीत. रेल्वे आल्यावर जालन्यात सरकी काढण्याचे नऊ कारखाने निघाले. भाषेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, या उद्योगांना लोक 'कंपनी' म्हणत नव्हते. कापडाची ती 'गिरणी' किंवा 'मिल', रुईची 'जिनिंग'. पुढे उसाचा आला तो 'कारखाना', आणि मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत नुसते 'कारखाना' म्हटले की साखर कारखानाच समजला जातो.

मग त्या काळी मराठी माणसाच्या तोंडी 'कंपनी' म्हणजे काय? ती होती नाटक कंपनी. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटकाचा पाया घातला तेव्हापासून फिरत्या मंडळींचा जो संसार उभा राहिला, त्याची अधिकृत नावे 'मंडळी' अशी होती; लोकव्यवहारात ती 'किर्लोस्कर कंपनी', 'गंधर्व कंपनी' झाली. या कंपन्यांत एकच पंगत, एकच बिऱ्हाड, एकच मालक असे. लॅटिन मुळातील 'एकत्र भाकरी खाणारे' हा अर्थ मराठीत जर कोठे शब्दशः खरा झाला असेल तर तो या बिऱ्हाडांत. कायद्याच्या दृष्टीने मात्र यांतील बहुतेकींचे स्वरूप कंपनीचे नसून भागीदारीचे होते. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी काढलेली गंधर्व नाटक मंडळी किंवा १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी उभारलेली 'प्रभात फिल्म कंपनी' ही याची उदाहरणे होत. मर्यादित जबाबदारीचे संरक्षण नसल्याने मंडळी कर्जात गेली की मालकाचे घरदारही त्यात जाई. नाव कंपनीचे आणि जोखीम एकट्याची, ही उलटी परिस्थिती येथे दिसते. पामरच्या बाबतीत नावाने नसलेले बळ दिले होते. येथे नावाने नसलेले संरक्षण सुचविले.

वाळूजची 'कंपनी'

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यानंतर औरंगाबादेत रेल्वे स्थानकाजवळ व चिकलठाण्यात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८० च्या दशकात वाळूजचा विस्तार झाला आणि १९८५ मध्ये बजाज ऑटोचा प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर 'कंपनी' या शब्दाने मराठवाड्यात जो अर्थ धारण केला, तो सर्व जुन्या अर्थांना मागे टाकणारा ठरला. कंपनी म्हणजे गिरणी नाही, साखर कारखाना नाही, असे कोणतेही उत्पादनाचे ठिकाण. 'कंपनीची बस', 'कंपनीचा ड्रेस', 'कंपनीचं कँटीन' हे शब्दप्रयोग सिल्लोड-वैजापूरपासून बीड-परभणीपर्यंत पोचले. दुष्काळी भागातील शेतकरी कुटुंबाला हा शब्द महिन्याच्या ठरावीक पगाराचा विश्वास देत होता. विवाह जुळविताना "मुलगा कंपनीत आहे" हे वाक्य शेतीच्या एकरांना पर्याय म्हणून उच्चारले जाऊ लागले.

या वाक्यानंतर वधूपित्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "परमनंट आहे का?" या प्रश्नात शब्दाची सारी मेख आहे. वाळूज-चिकलठाण्यातील अनेक कामगार ज्या आवारात काम करतात, त्या कंपनीच्या हजेरीपटावर नसतात. ते ठेकेदाराचे असतात. गणवेश, यंत्र, पाळी, पर्यवेक्षक सर्व कंपनीचे. नेमणूक मात्र तिसऱ्याच नावाची. अपघात झाला, काम सुटले किंवा भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब लागला नाही की, 'कंपनी' हा शब्द अचानक आक्रसतो आणि कालपर्यंत कंपनीत असलेला मनुष्य आज कंपनीचा नसतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने काही बाबतींत मूळ मालकावर जबाबदारी टाकली होती, पण ती बजावून घेण्यासाठी आधी आपला मालक कोण हे कामगाराला सिद्ध करावे लागे. १८५७ च्या घोडेस्वाराचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तेथे प्राणाची बाजी होती. तथापि चाकरी एकाची आणि नाव दुसऱ्याचे, ही रचना मात्र ओळखीची वाटते.

नगरपालिका की कंपनी?

एकविसाव्या शतकात या शब्दाने आणखी एक वळण घेतले, आणि ते कदाचित सर्वांत विचारणीय आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम 'महावितरण' या कंपनीकडे आले. ही कंपनी शासनाच्याच मालकीची असल्याने लोकांनी तिला 'बोर्ड' म्हणणे सोडले नाही. २०११ ते २०१४ या काळात औरंगाबाद शहरातील वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने एका खासगी कंपनीकडे होते. मग शासकीय कंपनी कोणती, खासगी कोणती आणि बिलाची तक्रार कोणाच्या दारी न्यावयाची, हा प्रश्न ग्राहकांपुढे आला. पाण्याच्या बाबतीतही तेच झाले. जायकवाडीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीच्या योजनेअंतर्गत २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपविण्यात आला आणि २०१६ मध्ये महानगरपालिकेने तो करार रद्द केला. मलिक अंबरच्या नहरींवर वाढलेल्या या शहराने पाण्यासाठी अनेक धनी पाहिले होते. नळाला पाणी आले नाही तर 'कंपनीला विचारा' असे नगरसेवकाने सांगणे हा अनुभव नवा होता. स्मार्ट सिटी अभियानासाठी तर राज्य शासन व महानगरपालिका यांच्या समान भागभांडवलाची स्वतंत्र कंपनीच कंपनी अधिनियमाखाली नोंदविली गेली. मतदार महानगरपालिकेसाठी नगरसेवक निवडतो. भागधारक संचालक निवडतात. रस्त्यावरच्या नागरिकाला या दोन निवडणुकांमधील अंतर 'कंपनी' या शब्दातून कळत नाही.

शेतीच्या क्षेत्रात या शब्दाचा प्रवास निराळ्या दिशेने झाला आहे. १९६४ मध्ये जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीपासून 'कंपनीचं बियाणं' हा शब्दप्रयोग मराठवाड्यात रूढ झाला. घरचे बियाणे राखून ठेवण्याच्या प्रथेच्या तो विरुद्ध अर्थी वापरला जातो. २००२ नंतर बीटी कापसाने तो घरोघरी नेला. त्यानंतर 'विमा कंपनी' आली. शेतकऱ्याच्या बोलण्यात या सर्व कंपन्या बाहेरच्या, नाव एक आणि तोंड न दिसणाऱ्या. परंतु त्याच सुमारास, २००२ च्या दुरुस्तीने, कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. दहा किंवा अधिक शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी नोंदवू शकतात आणि तीत व्यक्तिगत सभासदाला भाग कितीही असले तरी मत एकच असते. मराठवाड्यात अशा शेतकरी उत्पादक कंपन्यांची नोंदणी मोठ्या प्रमाणावर झाली आहे. त्यांच्या फलकांवर 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' असे पूर्ण कायदेशीर नाव असते. आतल्या बैठकीत मात्र सभासद तिला बहुधा 'आपला गट' म्हणतात आणि 'कंपनी' हा शब्द ज्यांच्याकडून बियाणे घेतले व ज्यांच्याकडून विम्याचे पैसे यावयाचे आहेत, त्यांच्यासाठी राखून ठेवतात.